घरातच असणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस लागते का? आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं काय करायचं?

लागतेच. इंदिरानगरात चौथ्या मजल्यावर राहणारा कुत्राही रोज खाली फिरायला जातो, आणि मांजर रात्री कुठे हिंडून येतं ते त्यालाच ठाऊक. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिला डोस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दरवर्षी एक. मांजरालाही हेच. कार्ड जपून ठेवा.

गल्लीतली कुत्री हाकलून काही साधत नाही. जागा रिकामी झाली की लस न टोचलेली नवी कुत्री येतात. परिसरातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच जागी सोडायचं असतं. महापालिकेकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. पकडायच्या दिवशी रोज पोळी घालणाऱ्या काकूंना सोबत घ्या, कुत्री त्यांच्याकडेच येतात!

कुणाला चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांत आपल्याला पुरे वाटतं. हळद, मिरची, चुना अजिबात नको. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा, सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लगेच लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, ते स्वतःहून विचारा. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहतो का यावर लक्ष ठेवा, पण तोवर लस घ्यायची थांबू नका. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.