व्हॉल्व्हचा रेडिओग्रॅम: प्लग लावण्याआधी

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणाऱ्या जुन्या रेडिओग्रॅमबद्दल जी पत्रं येतात, त्यांत तेच ते गोंधळ फिरून फिरून दिसतात. (रेडिओग्रॅम म्हणजे एकाच लाकडी पेटीत रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर; व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधी वापरात असलेली काचेची नळी.) पेटी देखणी, विकणारा गोडबोल्या आणि घेणारा घाईत. म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. ज्यांना वेगळं उत्तर मिळालं नाही, त्यांनी आपला प्रश्न यातच शोधावा.

प्रश्न: जाहिरातीत नुसतं ‘व्हिंटेज स्टिरिओ कन्सोल’ लिहिलंय. आत व्हॉल्व्ह आहेत की ट्रान्झिस्टर, कसं ओळखायचं?

मागचा पुठ्ठा काढून बघायचं. विकणारा काढू देत नसेल तर घ्यायचं नाही. मॅग्नाव्हॉक्सच्या ‘अ‍ॅस्ट्रो-सॉनिक’ पेट्या कित्येकदा व्हॉल्व्हच्या म्हणून खपवल्या जातात. त्या ट्रान्झिस्टरच्या आहेत.

प्रश्न: १९६० च्या सुमाराचा एक रेडिओग्रॅम बघून आलो. मालकाने लगेच लावून दाखवला, सुंदर वाजला. वर्षानुवर्षं बंद होता, त्यामुळे झीज झालेलीच नाही, असं तो म्हणतो. घ्यावा का?

शब्द बदलून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘वाजला’ याचा अर्थ एवढाच की त्या दहा मिनिटांत काही जळलं नाही.

अशा सेटमध्ये व्हॉल्व्हच्या आधी म्हातारा होतो तो कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. त्रास देणारे प्रकार दोन. एक कागदी: आत कागद आणि धातूचा वर्ख गुंडाळलेला, बाहेरून मेण किंवा प्लास्टिक. हा कागद हवेतली ओल ओढतो आणि वीज झिरपू द्यायला लागतो. दुसरा अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या डबीतला इलेक्ट्रोलायटिक. त्याच्या आतला द्रव सुकतो, आणि बराच काळ वीज मिळाली नाही तर पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर खराब होतो. दोन्ही नुसते पडून राहून बिघडतात. औषधाची बाटली उघडली नाही म्हणून तिची मुदत थांबत नाही. तेव्हा ‘वर्षानुवर्षं बंद होता’ ही जमेची बाजू नाही, भाव पाडून मागायचं कारण आहे.

आता होतं काय ते बघा. आउटपुट व्हॉल्व्हच्या, समजा ईएल ८४ च्या, ग्रिडपाशी (करंट ताब्यात ठेवणाऱ्या आतल्या जाळीपाशी) एक छोटा कपलिंग कपॅसिटर असतो. त्याच्या एका टोकाला आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरचे शंभर-दीडशे व्होल्ट डीसी, दुसरं टोक ग्रिडला. गाणं पुढे जाऊ द्यायचं आणि डीसी अडवायचा, एवढंच त्याचं काम. ग्रिडपासून चॅसीपर्यंत (सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्यापर्यंत) ४७० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर अवघ्या २ मायक्रोअ‍ॅम्पिअरच्या गळतीने ग्रिडवर जवळपास १ व्होल्ट उभा राहतो. तिथे मीटरने शून्य दाखवायला हवं. एवढ्यानेही व्हॉल्व्ह जास्त करंट ओढायला लागतो, करंटने तो तापतो, आणि गळती दिवसेंदिवस वाढतच जाते. ईएल ८४ ची अ‍ॅनोड १२ वॅट उष्णता सोसते. त्यापुढे गेलं की खोलीतला दिवा घालवून पाहा: काचेच्या आतला करडा पत्रा, म्हणजे हीच अ‍ॅनोड, मधोमध मंद लाल दिसायला लागतो. गाणं तेव्हाही छानच वाजत असतं! यात व्हॉल्व्ह जातो, आणि तो एकटा जात नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार घेऊन जातो. व्हॉल्व्ह दुसरा मिळतो. त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळवताना नाकी नऊ येतात. वर पुष्कळ जुन्या सेटमध्ये फ्यूजच नसतो, म्हणजे मधे पडून थांबवणारं कोणी नाही.

म्हणून पेटी आवडली असेल तर जरूर घ्या, पण ‘न तपासलेली’ या भावाने घ्या. ‘पूर्ण सर्व्हिस केलेला आहे’ असं कोणी म्हणालं तर चॅसीच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. खाली सगळे मूळचेच मेणाचे कपॅसिटर दिसत असतील, तर सर्व्हिस म्हणजे धूळ पुसली आणि लाकडाला तेल लावलं. घरी आणल्यावर प्लगला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी हौसेने लावणार नाही. मग जाणकाराकडून सगळे कागदी कपॅसिटर बदलून घ्या: त्याच व्हॅल्यूचे, ६३० व्होल्टचे, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे. इलेक्ट्रोलायटिकही बदलावे, पण ‘मोठा तितका चांगला’ हा ऐकीव सल्ला मानू नये. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) ईझेड ८१ हा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या लगेच पुढचा कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या वर नको. दर वेळी सुरू होताना त्या व्हॉल्व्हवर ताण येतो. माइकाचे कपॅसिटर आणि सिरॅमिकच्या चकत्या सहसा ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नये. रेडिओच्या भागात पत्र्याच्या छोट्या डब्या असतात. त्यांच्यातले स्क्रू रेडिओच्या जुळणीचे असतात. ते ‘ढिले वाटले म्हणून आवळले’ असं सांगणारा मेकॅनिक भेटला तर पेटी उचलून परत आणा.

आणि हे स्वतः करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट आणि त्याहून जास्त साठून राहू शकतात.

प्रश्न: व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) दोन दिवसांत हळूहळू व्होल्टेज वाढवलं की जुने कपॅसिटर आपोआप बरे होतात, असं एका व्हिडिओत पाहिलं. मग बदलायचे कशाला?

कारण कागदी कपॅसिटर कधीच बरा होत नाही. इलेक्ट्रोलायटिकचा थर थोडाफार पुन्हा बसतो, तोही मोजून-मापून दिलेल्या डीसीवर. आता व्हिडिओत जे सांगत नाहीत ते ऐका. सेटमध्ये व्हॉल्व्हचा रेक्टिफायर असेल तर त्याचा हीटर (आतली तापणारी तार) पुरेसा तापेपर्यंत तो डीसी देतच नाही. तुम्ही ४० व्होल्ट, ६० व्होल्ट करत बसता तेव्हा कपॅसिटरला काहीच मिळत नसतं. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी एकदम मिळायला लागतं. हळूहळूपणा फक्त तुमच्या बोटांत.

त्यापेक्षा मेकॅनिककडे १०० वॅटचा साधा, तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये जोडण्याची सोय आहे का विचारा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

प्रश्न: सगळे व्हॉल्व्ह बदलावेत का? एक विक्रेता ‘न वापरलेला जुना साठा, मॅच्ड जोड्या’ (मोजून सारखे निघालेले दोन-दोन) असा पूर्ण संच देतोय.

नाही.

व्हॉल्व्ह बदलणं सोपं असतं आणि त्यात विक्रेत्याचा नफा असतो, म्हणून सल्ल्याची सुरुवात तिथून होते. ईसीसी ८३ सारखे छोटे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकतात. काचेच्या टोकाला आतून जो चंदेरी-काळा डाग दिसतो तो जागेवर असावा. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह गेला. बाकीचे व्हॉल्व्ह टेस्टरवर तपासून घ्या आणि कमजोर निघालेलेच बदला. छापाच्या नावावर भुलू नका. काचेवरची अक्षरं पुसून दुसरी छापता येतात, आणि ‘मुलार्ड’ नावाने आज जे नवे व्हॉल्व्ह मिळतात ते इंग्लंडमध्ये नाही, रशियात बनलेले असतात. वाईट असतात असं नाही, पण त्यांना जुन्याचा भाव देऊ नये. कपॅसिटर न बदलता महागडे व्हॉल्व्ह बसवणाऱ्याला मी काही सांगत नाही. वरच्या उत्तरातला लाल पत्रा त्याला दिसेलच.

एक अपवाद लक्षात ठेवा. साठच्या दशकातल्या काही जर्मन पेट्यांत, ग्रुंडिगच्याही, ईएलएल ८० हा जोड-व्हॉल्व्ह असतो: एका काचेत दोन पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचे व्हॉल्व्ह). तो आता बनत नाही आणि सापडला तर महाग. घेण्याआधी आतले क्रमांक वाचून जाणकाराला कळवा.

प्रश्न: चालू केल्यावर काही मिनिटांत कुजका, उग्र वास आला. पण आवाज व्यवस्थित आहे.

बंद करा, खिडक्या उघडा, पुन्हा लावू नका. बहुधा सेलेनियमचा रेक्टिफायर जातोय आणि तो धूर चांगला नसतो. त्या जागी सिलिकॉन डायोड बसतो, पण त्याने व्होल्टेज वाढतं, म्हणून सोबत रेझिस्टर घालावा लागतो. ‘चार डायोड लावून टाका’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

प्रश्न: गेल्या वर्षापासून मागे घूंऽऽ असा आवाज येतो. गाणं लावलं की जाणवत नाही. इतक्यात दाखवायची गरज आहे का?

वर्षभरापूर्वीच होती. फिल्टरचा इलेक्ट्रोलायटिक सुकला आहे असं धरून चाला. तो पुरता शॉर्ट झाला की रेक्टिफायर आणि मेन ट्रान्सफॉर्मर दोन्ही धोक्यात.

प्रश्न: टर्नटेबलच्या धातूच्या पट्टीला हात लागला की मुंग्या येतात. लाकडी फळीवर उभं राहिलं तर येत नाहीत, म्हणून तशी फळी टाकली आहे.

फळी उचला आणि प्लग काढा. आजच.

याला दोन कारणं असू शकतात. मेन लाइन आणि चॅसी यांच्यामध्ये जोडलेला कपॅसिटर गळत असेल, तर त्या जागी सुरक्षा-प्रमाणित, वाय वर्गाचाच कपॅसिटर हवा. साधा बसवायचा नाही. दुसरं कारण जास्त वाईट. स्वस्तातल्या काही सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, हीटर एकापुढे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात आणि चॅसी थेट लाइनला असते. प्लग उलटा लागला की अख्खा पत्रा जिवंत. अमेरिकन क्रमांकातला पहिला आकडा साधारण हीटरचं व्होल्टेज सांगतो: ६बीक्यू५ म्हणजे ६.३ व्होल्ट. आउटपुट व्हॉल्व्हचा क्रमांक ३५ किंवा ५० ने सुरू होत असेल, तर ट्रान्सफॉर्मर नाही असंच समजा. अशा सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन लाइनपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) कोणी हात लावू नये. घरात लहान मुलं असतील तर मी तो घेऊच नका म्हणेन.

प्रश्न: अमेरिकन सेट ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. रेडिओ ठीक, पण तबकड्या रडतात. बेल्ट ढिला झालाय का?

बहुतेक अशा चेंजरमध्ये (तबकड्या आपोआप बदलणाऱ्या टर्नटेबलमध्ये) बेल्ट नसतो, रबराचं चाक असतं. पण दोष त्याचाही नाही. मोटर ६० हर्ट्झसाठी बनवली आहे आणि तुमच्या लाइनला ५० आहे. स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी २८ सुद्धा पुऱ्या होत नाहीत, म्हणजे काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये गाते. मोटरच्या दांड्यावर ५० हर्ट्झच्या मापाची पुली बसवली की काम होतं. काही मेकर्सनी ती मुद्दाम बनवली होती. सेटचा मूळ ट्रान्सफॉर्मरही ५० हर्ट्झवर जास्त तापतो. तासाभराने तो हात ठेवता येणार नाही इतका तापत असेल तर दाखवून घ्या.

युरोपीय सेटवाल्यांसाठी, विचारलं नसलं तरी: मागे व्होल्टेज निवडायची चकती असते. तुमच्याकडे २३० व्होल्ट येत असतील आणि चकतीवर २२० व २४० दोन्ही असतील, तर २४० वर ठेवा.

प्रश्न: पेटीवर ‘स्टिरिओ’ लिहिलंय, पण एफएम स्टिरिओत येत नाही. फसवणूक आहे का?

नाही. अमेरिकेत एफएमचं स्टिरिओ प्रसारण १ जून १९६१ ला सुरू झालं. त्याआधीच्या पेटीवरचं ‘स्टिरिओ’ तबकड्यांपुरतं.

प्रश्न: ब्लूटूथ बसवता येईल का?

येईल, पण आतल्या तारा कापून नाही. मागे टेप किंवा जादा इनपुट असेल तर रिसीव्हर तिथे जोडा. जर्मन सेटवर टेपच्या जागी ‘टीबी’ आणि पिकअपच्या जागी ‘टीए’ असं लिहिलेलं असतं. सिरॅमिक कार्ट्रिज (तबकडीची सुई बसवलेला भाग) काढून तिथे मॅग्नेटिक लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: सिरॅमिक अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतं, मॅग्नेटिक काही मिलिव्होल्ट. मधे प्रीअ‍ॅम्प (क्षीण सिग्नल आधी वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) नसेल तर काही ऐकू येणार नाही. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटला फोन किंवा रिसीव्हर, काहीही तारेने जोडायचं नाही.

आणि स्पीकर काढून ठेवून अ‍ॅम्प्लिफायर ‘नुसता तपासायला’ चालू करू नका. लोड नसताना आवाज वाढवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

प्रश्न: लाकूड काचपेपरने घासून नवं पॉलिश करू का?

घासू नका. ते भरीव लाकूड नाही, वर विनिअरचा पातळ थर आहे, आणि कोपऱ्यावर तो दोन हातांत उडतो. आधी झाकणाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाने स्पिरिट लावा. चिकट झालं तर चपड्याचं पॉलिश आहे, ते त्याच पॉलिशने पुन्हा जिवंत करता येतं. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही आणि काचेसारखी चकाकी असेल तर पॉलिएस्टर; ते सुताराकडेच द्या. स्पीकरपुढचं कापड धुऊ नका, आटतं. तळाशी बारीक भुसा पडलेला दिसला तर बाकी सगळं थांबवून आधी किडीचा बंदोबस्त करा.

प्रश्न: मेकॅनिककडे देताना काय काय ठरवून घ्यावं?

कोणते भाग बदलणार ते आधी लिहून घ्या. काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून परत मागा. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिड, कॅथोड आणि अ‍ॅनोडवरचं व्होल्टेज दुरुस्तीनंतर मोजून कागदावर मांडायला सांगा. ‘त्याची काही गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा मेकॅनिक बघा.