बारा वाजून दहा मिनिटांनी आलेला निरोप

प्रिय बाय,

परवा शाळेच्या वाटेवर तू आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, घटकाभर टेकलीस, तेवढ्यात मैत्रिणीचा निरोप आला आणि तुझा चेहरा उतरला. ती कामात अडकली होती आणि तिच्या मुलालाही तूच घरी न्यायचे होते. आठवड्यातली ही तिसरी वेळ. नकार दिला तर मैत्री राहील का, असे तू मला विचारलेस, तेव्हा मी नुसतीच हसले. त्याचे उत्तर आज लिहिते.

एकमेकींची मुले सांभाळावीत की नाही, हा आपल्यातला वादाचा विषय नव्हेच. माझे म्हणणे एवढेच आहे, की मागणाऱ्याने नकाराला जागा ठेवावी. साडेबाराला सुटणाऱ्या शाळेसाठी बारा वाजून दहा मिनिटांनी विचारले, तर ती जागा उरत नाही, कारण नाही म्हटले की ते पोर फाटकाशी एकटे उभे राहणार. याला विनंती म्हणत नाहीत, बाय. आणि तू तरी निमूटपणे का ऐकतेस?

1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा माझे घर नदीपलीकडे बेतीला आणि नोकरी पणजीला होती. भर पावसात धक्क्यावर फेरीबोटीसाठी एवढी रांग लागे, की घरी किती वाजता पोहोचेन हे मलाच सांगता येत नसे. शेजारीण आपल्या मुलीबरोबर माझ्या मुलालाही शाळेतून आणी आणि दोघांना पेज नि सुक्या सुंगटांचे किसमूर वाढी. सुरुवातीला मी आदल्या रात्री तिच्या दारात जाऊन विचारत असे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उलटेपर्यंत विचारणेच थांबले होते. मग एका सकाळी, सासू आजारी असल्यामुळे आज जमणार नाही, असे तिने वेळेवर सांगितले, तर मला राग आला आणि मी कित्येक महिने तिच्याशी बोलले नाही. तिने नकार वेळेवर दिला होता; नकाराला जागा मीच ठेवली नव्हती. अर्थात त्या रांगेत ताटकळणाऱ्या बाईला शहाणपण कुठून सुचणार? नोकरी सोडणे परवडणारे नव्हते, आणि मुलाला एकटे ठेवले असते तर याच गावाने मला नावे ठेवली असती. हे मी तिला कधी सांगितले नाही. आता सांगायला ती नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मला तुझा खरोखर राग आला. तू स्कूटरवर एकाला पुढे आणि एकाला मागे बसवून नेतेस. चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस दुचाकीवर बसू शकतो आणि चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागते, हा कायदा तुला ठाऊक आहे. तरी संकोचापोटी तू दोन्ही मुलांचा जीव धोक्यात घालतेस. दुसऱ्याचे पोर न्यायचे तर त्याच्या आईने वर्गशिक्षिकेला आधी कळवलेले असावे आणि तुझ्याकडे त्याला बसवण्याची नीट सोय असावी. यातले एक जरी नसेल, तर नकार द्यायला दुसरे कारण शोधू नकोस.

आज रात्रीच तिला फोन कर. निरोप लिहून पाठवू नकोस, बोल. कोणत्या वारी तुला जमेल ते सांग, सकाळी नऊपर्यंत विचारलेस तरच हो म्हणेन असेही सांग, आणि बुधवारी तुझी स्वतःची गडबड असते, तेव्हा बुधवार सोडून दे. ती रागावली, तर माझ्याकडे ये; चहा ठेवते.

तुझी,
मावशी