डाय नाही, झाकण बघा

प्रश्न : चिकलठाण्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. ॲल्युमिनियमच्या नेमप्लेट लाल ॲनोडाइझ करून देतो, म्हणजे विजेनं ऑक्साइडचा थर चढवून त्यात रंग भरतो. दोन महिन्यांपासून माल परत येतोय. ओला हात लागला की बोटं लाल होतात. डाय म्हणजे रंग दोनदा बदलला, फरक नाही. चुकतंय कुठं?
– एक वाचक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, डायवर आणखी पैसे घालू नका. सीलिंगच्या, म्हणजे रंगावर झाकण बसवायच्या टाकीत डोकवा. पाणी गुलाबी झालेलं असलं तर रंग तिथंच निसटतोय.

रंग प्लेटवर बसत नाही, भोकांत उतरतो. गंधकाम्लात १५-१६ व्होल्टवर करंट सोडला की ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढतं, आणि चढतं तसं ते तळाशी आम्लात विरघळतही असतं. या ओढाताणीत मोहोळासारख्या उभ्या नळ्या तयार होतात. तोंड १० ते २० नॅनोमीटर. आपला केस त्याच्या काही हजार पट जाड. जपानच्या मासुदा आणि फुकुदा यांनी १९९५ मध्ये ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टवर कितीतरी तास करंट ठेवून या नळ्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीत आणल्या. आपल्याला तेवढी हौस नको. भोक भरलं आणि बुजलं, बास.

बुजवतं ते उकळतं पाणी. ९६ अंशांच्या वर ऑक्साइड पाणी धरून फुगतं आणि तोंड मिटतं. दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं, म्हणजे १२ मायक्रॉनच्या थराला अर्धा तास. तुमची पोरं दहा मिनिटांत रॅक काढत असणार; आमचीही काढायची. आणि पाणी बोअरचं नको. त्यातलं सिलिका तोंड मिटू देत नाही, फॉस्फेट असलं तर तेही. बॅटरीत घालतात तसलं डीआय, म्हणजे क्षार काढलेलं पाणी वापरा.

आम्लाची टाकी २० अंशांच्या आसपास ठेवा, मे महिन्यात तर डोळ्यांत तेल घालून. वाळूजला असताना एकदा दुपारी लाइट गेली. आल्यावर मी करंट देणारा रेक्टिफायर चालू केला, टाकी थंड ठेवणारा चिलर विसरलो. अख्खा लॉट खडूसारखा निघाला, नखानं पांढरी भुकटी सुटायची. माझ्याच हातची चूक, बोलणार कुणाला?

आता रोजच्या रॅकला एक प्लेट बिनरंगाची लावा. सीलिंगनंतर तिच्यावर डायचा थेंब टाका, पाच मिनिटांनी साबणानं धुवा. डाग गेला तरच रॅक उतरवा.