गालावरचं पुरळ की चट्टा?

प्रश्न असा आहे : ल्यूपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्या आजाराच्या) रुग्णाच्या गालांवर जे लाल उमटतं, त्याला 'पुरळ' म्हणणं बरोबर आहे का?

माझं मत, नाही. पुरळ म्हटलं की घामोळं किंवा गोवर आठवतो. बारीक, दाणेदार, सुटं सुटं. इथे तर दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा मिळून सलग लाली पसरते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी तेवढी बहुधा कोरी राहते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या हेब्रा या त्वचारोगतज्ज्ञाने याला फुलपाखराची उपमा दिली. म्हणून 'फुलपाखरी चट्टा' मला पटतो. काही जण 'वांग' म्हणतात, तो मात्र टाळावा. वांग काळपट असतो, लाल नव्हे.

मूळ शब्दही पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये 'लुपस' म्हणजे लांडगा. आपल्या संस्कृत 'वृक'चा सख्खा भाऊ. चेहरा कुरतडणाऱ्या जखमांना युरोपात हे नाव फार पूर्वीपासून होतं, आणि त्यात त्वचेचा क्षयही मोडत असे. आजच्या ल्यूपसच्या नावातलं 'एरिथेमॅटोसस', म्हणजे लालसर, हे विशेषण १८५१ साली काझनाव्ह या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने जोडलं.

पण खरी गंमत या आजाराच्या कमी दिसणाऱ्या खुणांत आहे, कारण तिथे मराठीची शब्दसंपत्ती उपयोगी पडते. थंडीत बोटांवर येणारे जांभळट, दुखरे उंचवटे. पाण्याने भरलेले फोड. कातडीखालच्या गाठी, ज्या बसल्यावर तिथे खळगा राहतो. टाळूवरच्या किंवा कानावरच्या खपलीदार चकत्या, ज्यांच्या जागी पुढे केस उगवत नाहीत. या सगळ्यांना एकच 'रॅश' म्हटलं की फरक पुसला जातो.

सगळ्यात जपून वापरावा असा शब्द 'गांधी', म्हणजे पित्त उठल्यावर अंगावर येणाऱ्या खाजऱ्या, फुगीर चकत्या. गांधी उठतात आणि उतरतात. ते उतरणं त्या शब्दातच आहे. साधी गांध बहुधा चोवीस तासांच्या आत मावळते. ल्यूपसमध्ये कधी कधी रक्तवाहिन्यांना सूज येऊन अगदी तशाच दिसणाऱ्या गांधी उठतात, पण त्या खाजेपेक्षा जळजळतात जास्त, दिवसभराहून अधिक टिकतात आणि गेल्यावर काळसर डाग ठेवतात. अशा वेळी डॉक्टरांना नुसतं 'पित्त उठलं' सांगू नये. 'दोन दिवस झाले, उतरली नाही, आग होते' असं सांगावं.