आम्ही जर्मनीला जातोय. मराठीत शोभेल आणि तिकडच्यांनाही नीट उच्चारता येईल असं बाळाचं नाव कसं निवडावं?

मीरा, माया, तारा, नीना. ही चार नावं तुम्हाला सगळेच सुचवतील आणि ती युरोपात खरंच चालतात. पण 'तिकडे चालेल का' हा प्रश्न पहिला ठेवून नाव शोधायला माझा ठाम विरोध आहे.

जर्मन माणूस इंग्रजी जे दिसला की 'य' म्हणतो. तेजसचा तेयास होतो, अर्जुनचा आर्युन. हाच तेजस स्पेनला गेला की तेखास. सोहमला जर्मनीत झोहाम म्हणतील (झ झऱ्यातला), कारण शब्दाच्या सुरुवातीला एसनंतर स्वर आला की त्यांचा उच्चार तसा होतो. हंगेरीत एस म्हणजे श, म्हणून सानिकाची शानिका. फ्रेंच लोक ह गिळतात, त्यामुळे हेमंत तिथे एमाँ. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, लीलाची रीरा होते. जर्मनीत तर लिला म्हणजे जांभळा रंग. निकिता आपल्याकडे मुलगी, रशियात पुरुष; सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह निकिताच होते. मग 'जगात कुठेही चालेल' असं नाव शोधायचं कुठे? आणि युरोपातली नावं तरी कुठे एकसारखी राहिली? मराठी बायबलमधला योहान इटलीत ज्योव्हानी, स्पेनमध्ये हुआन, रशियात इव्हान आणि गोव्यात जुआंव झाला. कुणाचं काही अडलं नाही.

आमची मुलगी श्टुटगार्टला झाली. माझ्या आजीचं नाव जाई, म्हणून आम्ही दोघांनी जुई ठरवलं होतं. वन्संना ते पसंत नव्हतं. 'तिथे पोरीची युई होईल, मायरा ठेवा, जगभर चालतं,' असं त्यांचं रोज चालायचं. शेवटी त्या हो म्हणाल्या, निदान आम्हाला तसं वाटलं. त्या पुण्यात आणि पाळणा इथे, म्हणून बारसं व्हिडिओ कॉलवर केलं. नवऱ्याने फोन बाळाच्या कानाशी धरला, बायकांनी कुर्र केलं, आणि वन्संनी त्या कानात सांगितलं, मायरा. स्पीकर चालू होता. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी तिथल्या तिथे पाळण्यात वाकून जुई म्हटलं आणि पेढे वाटले. वाढदिवसाच्या पाकिटावर अजूनही 'चि. मायरा' लिहून येतं.

आता मायराचंच घ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यात वाय येतो, आणि जर्मन लोक तो ओठांचा चंबू करून 'यू'च्या जवळपास म्हणतात. म्हणजे म्यूरा. जे नाव जगभर चालतं म्हणून एवढं महाभारत झालं, तेही इथे जसंच्या तसं राहत नाही. हे मी वन्संना सांगितलंय. त्यांनी विषय बदलला.

युई झाली का? झाली. डॉक्टरकडे नर्सने दारातून 'युई' अशी हाक मारली. पाळणाघरातही पहिल्या दिवशी तेच. तिथल्या बाईंना मी म्हटलं, तुम्ही जंगलाला जो शब्द वापरता त्यातलं पहिलं अक्षर घ्या. तो शब्द आपल्याच जंगलावरून आलाय आणि ज लिहायला त्यांना डी, एस, सी, एच अशी चार अक्षरं लागतात. बाईंनी लगेच म्हणून पाहिलं, अगदी बरोबर. कोट अडकवायच्या खुंटीवर मुलीचं नाव होतं, त्याखाली पेन्सिलने ती चार अक्षरं घालून उच्चार लिहिला, बदली शिक्षिकेलाही कळावा म्हणून. तेव्हापासून तिथे ती जुईच आहे. जिभेला जमत नाही असं नसतं, कुणी सांगितलेलं नसतं. मात्र कागदोपत्री ते चार अक्षरी स्पेलिंग करू नका. एका शेजाऱ्याने तसं सुचवलं होतं, पण मग पुण्यात ते कोण वाचणार?

नावावरून मुलगा की मुलगी कळत नसेल तर जर्मनीत नोंदणी होत नाही, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. पूर्वी नोंदणी कार्यालयं तसं धरून बसायची. मुलीच्या 'किरण' या नावावरून भांडण थेट तिथल्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि ५ डिसेंबर २००८ रोजी निकाल लागला, की मुलीचं नाव नुसतं किरण ठेवता येतं. आपल्याच नावावरचा हा निकाल, म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटतो.

हां, ळ किंवा ज्ञ असलेलं नाव ठेवलंत तर समजावण्यात बराच वेळ जाईल हे धरून चाला. नोकरी दर थोड्या वर्षांनी देश बदलायला लावणारी असेल तर दरवेळी नव्याने शिकवणं मुलाला जड जाऊ शकतं. तिथे मीरा, तारा ठेवलंत तर मी नाव ठेवणार नाही. आणि मोठी होऊन मुलीने स्वतःच स्पेलिंग बदललं तर तो तिचा हक्क.

पण ठरवा तुम्ही दोघांनीच. आत्याला कानात नाव सांगायचा मान जरूर द्या, ठरवायचा नाही. आणि बारशाच्या आधी नोंदणीचा कागद भरून टाका.