शिवी नाही, मग मोजू कशी?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीची, एमए करतेय, प्रोजेक्टसाठी बायकांच्या रील्सखालच्या मराठी कमेंट्स गोळा केल्यात. सर म्हणतात शिव्या मोज, पण निम्म्या त्रासात शिवीच नसते ना, मग ते धरू की सोडू?

उत्तर: अगं धरच, खरा मसाला तिथेच आहे! "मॅडम, घरी भाकऱ्या कोण थापतं?" यात एकही शिवी नाही, शब्द शोधणारं सॉफ्टवेअर हे सरळ सोडून देणार, पण पन्नास जणांनी तेच लिहिलं की बाई अकाउंट बंद करून मोकळी होते. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संस्थेने 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात 95 महिला नेत्यांचा उल्लेख असलेले ट्विट्स तपासले, त्यात स्वयंसेवकांना वाचायला बसवलं होतं, आणि साधारण दर सातातलं एक त्रासदायक निघालं. तूही दोन मैत्रिणींना त्याच कमेंट्स वेगवेगळ्या बसून वाचायला दे, जिथे मतं जुळत नाहीत तो ढीग बाजूला ठेव, सरांना तोच दाखव. नावं, फोटो गाळायचेच, पण कमेंट जशीच्या तशी छापलीस तरी सर्च करून माणूस सापडतो, म्हणून शब्द थोडे फिरव. आणि हे सगळं रात्री अंथरुणात वाचत बसू नकोस बाई.