परसातल्या कोंबड्या आणि खानदेशचं ऊन : आधी छप्पर, मग पाणी, बाटली सगळ्यात शेवटी

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकला की परसातल्या कोंबड्यांचे प्रश्न एकदम वाढतात. या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांत एक गोष्ट सारखी दिसली: लोक आधी दुकानात गेले आणि मग आमच्याकडे आले. क्रम उलटा हवा. एकेकाचं उत्तर देतो.

अमळनेरहून एक भाऊ : "मन्या चार कोंबड्या दुपारले मरी ग्यात. दुकानदारानं रोग सांगितला, ॲन्टिबायोटिक आणि टॉनिक दिलं. रोग कोणता असेल?"

भाऊ, तुम्ही जे सांगितलं त्यावरून हा रोग नाही, ऊन आहे. कोंबड्या दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान गेल्या, आधी सगळ्यात जड आणि अंडी देणारी गेली, सकाळी ती चांगली फिरत होती, विष्ठा नेहमीसारखी होती, मरताना चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब. उन्हानं मेलेली कोंबडी अशीच दिसते. मानमोडी (राणीखेत) असती तर विष्ठा हिरवट-पांढरी झाली असती, मान वाकडी झाली असती, आणि कोंबड्या रात्रीही मेल्या असत्या, पहाटेही. रोग घड्याळ बघून येत नाही, ऊन येतं.

ॲन्टिबायोटिकचा उन्हाशी काडीचा संबंध नाही. आजारी नसलेल्या कोंबडीला ते पाजलं की पोटातले चांगले जंतू मरतात, आणि औषध उतरलेली त्या दिवसांतली अंडी तुमच्याच घरातली लेकरं खातात. कोलिस्टिन नावाचं औषध तर २०१९ पासून जनावरं आणि कोंबड्यांसाठी विकायलाच बंदी आहे. बाटलीवरचं नाव वाचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. आणि ताप उतरवायची माणसांची गोळी कुटून पाजणारेही भेटतात. हा ताप नाही. अंगात साठलेली बाहेरची उष्णता गोळीनं उतरत नाही. पाजू नका.

कोंबडीला घाम येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी), पाय आणि धापा एवढंच. हवा ३२-३३ च्या वर गेली की धापा सुरू होतात, ३८ च्या पुढे जीव धोक्यात येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे रोजचंच आहे. म्हणून कोंबडीभोवतीची हवा आणि डोक्यावरचं छप्पर हाच इलाज.

यावल तालुक्यातून एक ताई : "खुराड्यावर पत्रा आहे. हिरवी शेडनेट टाकली, तरी आत भट्टीच. दुकानदार थर्मोकोल लावायला सांगतो."

थर्मोकोल लावू नका. कोंबड्या त्याला टोचा मारून दाणा समजून खातात, आठवड्यात भोकं पडतात. शेडनेटही पत्र्याला चिकटून टाकली तर फुकट. ती पत्र्यापासून हातभर वर ताणली तरच उपयोग.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि गावागावात मी तीच सांगतो: पत्र्यावर दुसरं, काडाचं छप्पर. पत्र्यावर बांबू किंवा निंबाच्या फांद्या आडव्या टाका, म्हणजे पत्रा आणि छप्पर यांत वीतभर पोकळी राहील. पोकळीतून हवा वाहिली पाहिजे, म्हणून तिची दोन्ही टोकं बंद करू नका. त्यावर तुरकाठ्यांचा थर, त्यावर केळीची वाळलेली पानं किंवा उसाचं पाचट अर्धा फूट जाड, वरून सुतळीनं किंवा जुन्या जाळीनं आवळून बांधा. यावल-रावेरकडे केळीच्या पानांना काय तोटा? फक्त नुकती फवारणी झालेल्या बागेतली पानं आणू नका. पश्चिमेकडे छप्पर तीन फूट पुढे काढा, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच आत घुसतं. सकाळी दहाच्या सुमारास छपरावर एकदा पाणी मारा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) वापरायच्या नाहीत. सरपण म्हणून रचलेल्या आणि छपरावर चढवलेल्या पऱ्हाट्यांतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. कोंबड्या वाचवायला कपाशी घालवू नका. चूल असेल तर खुराड्यापासून दहा-पंधरा फूट लांब, वाऱ्याची दिशा बघून. काडाचं छप्पर ठिणगीला थांबत नाही.

काड मिळालं नाही तर पत्र्याला बाहेरून चुना मारा. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घाला, म्हणजे पहिल्या वळवानं धुऊन जाणार नाही. चुना म्हणजे तडजोड, छपराची बरोबरी नाही. पत्र्याखाली किती तापतं ते बघायचं असेल तर दुपारी दोनला खुराड्यात शिरा आणि वरच्या दांडीवर कोंबडी जिथं बसते तिथं हात धरा, मग पत्र्याच्या जवळ न्या. मिनिटभरात कळेल. म्हणून दांडीही खाली घ्या, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. हे सगळं गुढीपाडव्याला सुरू करायचं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाही. आखाजीपर्यंत निम्म्या कोंबड्या गेलेल्या असतात.

शिरपूरहून : "दुपारी दाणे टाकले तरी खात नाहीत. वजन घटतंय. ब्रॉयलरचं खाद्य चालू करू का?"

दुपारी खात नाही हे कोंबडीचं शहाणपण आहे, तिला भाग पाडू नका. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यापासून साधारण तीन ते सहा तासांनी सगळ्यात जास्त असते. अकराला पोटभर दाणे टाकले तर ती आग दोन ते पाचमध्ये पेटते, म्हणजे बरोबर मरणाच्या वेळेला. पहाटे पाचला उजेड करून खाद्य द्या, नऊच्या आत भांडी उचला. दुसरं खाद्य संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळेत टरबुजाची साल, काकडी, शेवग्याचा पाला टाका. भिजवलेला भरडा द्यायचा तर तासाभरात संपेल एवढाच. उरलेला आंबतो, बुरशी धरते.

ब्रॉयलरचं खाद्य नको. गावरान कोंबडी त्यानं चरबी धरते आणि चरबीची कोंबडी उन्हात आधी जाते. शिवाय काही ब्रॉयलर खाद्यांत कॉक्सिडिया (आतड्यातल्या परजीवींचा रोग) रोखायला निकार्बाझिन घातलेलं असतं. उष्णतेत त्यानं मरतूक वाढते, हे कोंबडीच्या औषधांच्या जाणकारांना ठाऊक आहे. दुकानदार ते सांगत नाही. गोणीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

साक्रीहून : "इलेक्ट्रोलाइट पावडर देतोय. दुकानदार म्हणाला ऊन जास्त आहे, दुप्पट टाका. आता हगवण लागली."

दुप्पट टाकल्यामुळेच लागली. आधी पावडर बंद करा, दोन दिवस साधं गार पाणी द्या.

हे प्रत्येकानं नीट वाचा. इलेक्ट्रोलाइट म्हणजे मुख्यतः क्षार. कोंबडीला मीठ फार सोसत नाही. पाण्यात क्षार वाढले की आधी पातळ विष्ठा, खुराड्यात खाली अंथरलेली गादी ओली, त्यातून अमोनियाचा वास आणि कॉक्सिडिया. आणखी वाढले की पोटात पाणी, आणि मरण. ऊन वाढलं म्हणून डोस वाढत नाही. कारण ऊन वाढलं की कोंबडी पाणीच दुप्पट पिते, म्हणजे त्याच प्रमाणात औषधही दुप्पट पोटात जातं. तुम्ही वरून दुप्पट केलंत की चौपट झालं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच, तेही फक्त कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी दहा ते चार. चारनंतर भांडं धुवून साधं पाणी. आणि दिवसभर शेजारी साध्या पाण्याचं दुसरं भांडं हवंच.

पाकीट नसेल तर दहा लीटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि मूठभर गूळ, बस. माणसांचं ओआरएसचं एक लीटरचं पाकीट असेल तर ते कोंबड्यांसाठी चार लीटरमध्ये विरघळवा. गुळाचं पाणी दुपारनंतर आंबतं, म्हणून रोज ताजं करा. लिंबू पिळायचं तर मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात, पत्र्याच्या नाही. तीन-चार बाटल्या एकत्र ओतू नका. टॉनिक, लिव्हरचं औषध, व्हिटॅमिन, इलेक्ट्रोलाइट एकाच बादलीत कालवलेलं मी अनेक घरी बघितलं आहे. कोंबडी ते पाणी हुंगून मागे सरते आणि तहानेनं मरते.

मुळात पाणी गार आहे का? काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हात घालवत नाही इतकं तापतं. जुना माठ किंवा मातीचं पसरट भांडं ओल्या वाळूत अर्धं पुरून सावलीत ठेवा. आठ-दहा कोंबड्यांना एक भांडं, म्हणजे कमजोर कोंबडीलाही पाणी मिळतं. मोठ्या २० कोंबड्यांना भर उन्हाळ्यात रोज आठ ते दहा लीटर पाणी लागतं. त्याच्या निम्मं ठेवून वर टॉनिक देणं म्हणजे पैशाचीही नासाडी आणि कोंबड्यांचीही.

चोपड्याहून : "पंखा लावलाय, आत पाणी शिंपडतो. तरी धापा थांबत नाहीत."

हवा ४४ अंशांची आणि कोंबडीचं अंग ४१-४२ चं. कोरडा पंखा गरम हवाच तिच्यावर फेकतो. पंखा लावायचा तर तो ओल्या गोणपाटातून आलेल्या हवेवर. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट टांगा, पण वरचा फूट-दीड फूट मोकळा ठेवा, हवा कोंडली की सगळं वाया. आणि गोणपाट साडेदहाला भिजवा. कोंबड्या तोंड वासून बसल्यावर दोनला भिजवणारे सगळ्यात जास्त भेटतात. तोवर उशीर झालेला असतो.

जमिनीवर पाणी मारू नका. गादी ओली झाली की मघाशी सांगितलं तेच दुखणं. भुईमुगाच्या टरफलांची गादी उन्हाळ्यात दोन इंच पुरते, हिवाळ्यासारखी जाड नको.

आता वेळेचं. ओलं गोणपाट एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगलं काम करतं. मे संपताना वळीव पडून गेला, हवा दमट झाली, अंग चिकचिक करू लागलं की तेच गोणपाट वैरी होतं. दमट हवेत धापांतून पाणी उडत नाही, कोंबडी गार होत नाही. तापमान ३८ च असतं आणि मरतूक मात्र वाढते. त्या दिवसांत भिजवणं बंद, जाळ्या पूर्ण उघड्या, कोंबड्या निंबाखाली मोकळ्या. रात्रीही खुराडं पत्र्यानं बंद करू नका. मुंगूस-मांजराची भीती असेल तर बारीक जाळी लावा.

नंदुरबारहून एक ताई : "अंड्याची साल पातळ झाली. लिक्विड कॅल्शियम किती द्यायचं? आणि खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी) कोंबडी बसवू का?"

धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे साल बनायला कॅल्शियम कमी पडतं. शिवाय कोंबडी खातेही कमी. बाटली नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवा, कारण साल रात्री बनते. ज्या कोंबडीला हवं ती खाईल. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) जबरदस्तीनं कॅल्शियम पाजलं तर मूत्रपिंडं जातात, आणि दुकानदार सगळ्यांना सरसकट पाजायला सांगतो. ऊन उतरलं की साल आपोआप सुधारते.

खुडूक आत्ता बसवू नका. २४-२५ अंशांच्या वर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो, आणि घट्ट बसून राहिलेली कोंबडी दुपारी स्वतःही मरते. दिवाळी ते फेब्रुवारी हा पिल्लांचा हंगाम. खाण्याची अंडी दिवसातून तीनदा गोळा करून ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवा.

"कोंबडी पडली, काय करू?" (हा प्रश्न सगळीकडूनच आला.)

उचलून सावलीत आणा. माठातल्या साध्या पाण्यात मानेपर्यंत मिनिटभर बुडवा, डोकं बाहेर. बर्फाचं पाणी नको, त्या धक्क्यानंच जाते. मग पायांवर आणि पंखांखाली ओला फडका ठेवून वाऱ्याला बसवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. शुद्धीवर आली की ती स्वतः पिते.

लस : मानमोडीसाठी लासोटा पाचव्या-सातव्या दिवशी, आर-टू-बी आठव्या आठवड्यात. उन्हाळ्यात द्यावीच लागली तर सकाळी आठच्या आत, बर्फाच्या थर्मासमधूनच, निरोगी कोंबडीलाच. दुकानाच्या उघड्या फळीवरून उचललेली लस म्हणजे पाणी. जंतनाशकही ऊन उतरल्यावर.

सरकारी योजना : २५ तलंगा व ३ नर किंवा १०० पिल्लांचा गट, ५० टक्के अनुदान. अर्ज आणि अटी पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे. पिल्लं मेमध्ये ताब्यात घेऊ नका, पावसानंतरची तारीख मागा. राष्ट्रीय पशुधन अभियानाची मोठी योजना परसातल्या वीस कोंबड्यांसाठी नाही, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

नवापूरहून : "मरतूक दिसली की बर्ड फ्लूची भीती वाटते."

२००६ आणि २०२१ चा अनुभव असलेल्या गावात ती भीती रास्त आहे. फरक असा करा: दुपारी एक-दोन कोंबड्या गेल्या आणि छप्पर-पाणी सुधारल्यावर थांबलं, तर ऊन. दिवस-रात्र मरतूक, तुरा-गलोल सुजून निळे, नाकातून पाणी, शेजारच्या घरातही तेच, तर मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं शिवू नका, चिरू नका, उरलेल्या विकू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. उन्हानं मेलेली कोंबडीसुद्धा नाल्यात टाकायची नाही आणि खायचीही नाही. कुत्रं उकरणार नाही एवढा खोल खड्डा घ्या आणि वरून चुना टाकून पुरा.